तीन दिवसांची गोष्ट

"अजून बसलाय?" बाबांनी विचारलं.

"बसलाय की. हलायचं नाव नाही," खिडकीशी उभी असलेली आत्या म्हणाली. "सकाळी आठपासून उन्हात आहे बिचारा."

"बिचारा म्हणू नकोस त्याला!" आतल्या खोलीतून भिंगरी ओरडली.

खाली, कारखान्याच्या बंद शटरला पाठ टेकून, औषधवाल्याचा मुलगा पायरीवर बसला होता. दहाव्या वर्षापासून बापाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहून तो मोठ्या माणसांना 'ही गोळी जेवणानंतर, ही उपाशीपोटी' असं बजावायचा, म्हणून सगळी गल्ली त्याला डॉक्टर म्हणायची. आता त्याला अठरा वर्षं पूर्ण झाली होती. रविवार असल्यानं बाबांचा सोफ्यांचा कारखाना बंद होता. पण घर कारखान्याच्या वर, आणि घराचा एकमेव जिना नेमका त्या पायरीशेजारी उतरायचा. बाहेर पडायचं तर त्याच्या गुडघ्यांना घासूनच जावं लागणार होतं.

बाबा खुर्चीवर बसले आणि लगेच उठले. तीस वर्षं सोफे-खुर्च्या मढवून त्यांच्या हातांना सवय लागली होती. रिकामे राहिले की ते काहीतरी ताणायला, ओढायला बघायचे. आत्ता टेबलावरचं कापड त्यांनी इतक्यांदा ओढून सरळ केलं होतं की ताटं एका बाजूला सरकली होती. आज त्यांच्या लग्नाचा बाविसावा वाढदिवस. त्यासाठी आत्या, म्हणजे त्यांची थोरली बहीण अक्का, मुद्दाम सकाळी आली होती. जेवण झाकून ठेवलेलं, आणि पोरगी दार लावून बसलेली.

राग त्यांना त्या मुलाचा नव्हता. पोरीचा होता.

सहा महिन्यांपूर्वी हे प्रकरण कळलं तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. सतराव्या वर्षी कसलं प्रेम! तेव्हा बायको पोरीच्या बाजूनं उभी राहिली, आणि अक्का म्हणाली, "तू काय केलं होतंस ते विसरलास का रे?" त्या एका वाक्यावर ते विरघळले. डॉक्टरला कारखान्यात बोलावून घेतलं, एका उघड्या पडलेल्या सोफ्यावर बसवलं, खुर्चीला खिळे ठोकता ठोकता दोन तास त्याच्याशी बोलले, आणि पोरगा त्यांना आवडूनच गेला. एकच अट घातली होती दोघांना. आमच्या घरात प्रेम म्हणजे चेष्टा नाही. शब्द दिला की दिला.

आणि वीस दिवसांपूर्वी भिंगरीनं जेवताना, पाणी मागावं तितक्या सहज सांगून टाकलं होतं, "मी त्याच्याशी संपवलं."

"भिंगरे, बाहेर ये," बाबा म्हणाले.

दार उघडलं. तिनं व्हॉलीबॉलचे कपडे घातले होते, खांद्याला बॅग होती. "तीनला निवड चाचणी आहे. मला अडीचला निघायचंय. त्याला उठवा."

"तू उठव. तुझ्यासाठी बसलाय. खाली जा, तोंड दाखव, दोन शब्द बोल. माणूस आहे तो. जुनी खुर्ची नाही, स्प्रिंग टोचली म्हणून रस्त्यावर टाकायला."

"बोलून झालंय माझं. किती वेळा बोलू?"

"कारण सांगितलंस त्याला?"

"त्याला माहितेय."

"मला माहीत नाही!" बाबांचा आवाज चढला. "मी त्याच्या बापाला जाऊन काय सांगू? पोरीचं मन भरलं?"

भिंगरीनं बॅग खाली आपटली. हे सगळं बाबांसमोर बोलायचं नव्हतं तिला. आईला एकटीला सांगायचं असं ठरवून ती वीस दिवस गप्प राहिली होती, आणि वीस दिवसांत आईला एकटीला गाठायची तिला भीतीच वाटली होती. कारण सुरुवातीला ते सगळं तिला आवडलं होतं. तो दर तासाला 'कुठे आहेस' विचारायचा, ते तिनं मैत्रिणींना मिरवून दाखवलं होतं.

"त्याला माझ्या फोनचा पासवर्ड हवा होता," ती म्हणाली. "दिला. मग मी कुठेही गेले की फोटो पाठवायचा. पाठवला. मग शेजारी कोण बसलंय त्याचाही फोटो. आम्ही सामन्यांना बाहेरगावी गेलो होतो ना, दोन दिवस? एकेचाळीस फोन केले त्यानं. मी कोर्टवर होते, बाबा! परत आल्यावर माझा फोन घेतला आणि आमच्या सरांचा नंबर काढून टाकला. म्हणाला, तुला खेळायची काय गरज आहे."

"काळजी वाटते म्हणून—"

"काळजी तुम्हालाही वाटते. तुम्ही एक फोन करता."

"अगं, नव्या नव्या प्रेमात पोरं असं करतातच," आत्या खिडकीतून म्हणाली. "निवतं नंतर."

"मला निवेपर्यंत थांबायचं नाहीये!"

"मग हो म्हणताना कळलं नव्हतं?" बाबांनी टेबलावर हात आपटला. "तेव्हा डोळे मिटले होते? शब्दाला काही किंमत आहे की नाही?"

"हो म्हणताना नव्हतं कळलं. कळलं असतं तर म्हटलं असतं का? आणि मी शब्द दिला होता, बाबा. सातबारा नव्हता लिहून दिला!"

"तोंड सांभाळ!"

भिंगरीनं आईकडे बघितलं. सहा महिन्यांपूर्वी हीच आई बाबांसमोर ठाम उभी राहिली होती. आज ती स्वयंपाकघराच्या दारात एकच ताट पुसत होती, केव्हाचं. ओठ घट्ट मिटलेले. बाबांच्या ओरडण्यापेक्षा ते भिंगरीला जास्त लागलं. म्हणजे आईलाही मीच चुकले असं वाटतंय तर.

"तू तरी बोल ना काहीतरी," ती म्हणाली.

पण बोलली आत्या. ती खिडकी सोडून आली, टेबलाशी बसली, पदर सावरला, आणि सगळ्यांनी ओळखलं की आता काय येणार. "भिंगरे, बस इथं. तुझ्या बापानं काय केलं होतं ते ऐक, म्हणजे खाली बसलेल्या पोराची किंमत कळेल तुला."

आईला ती गोष्ट तोंडपाठ होती. अक्का कुठे थांबणार, कुठे आवाज खाली आणणार, कुठे हसणार, सगळं. कुणाचं लग्न असो, कुणाचं बारसं असो, कुणीतरी म्हणायचंच, "अक्का, ती तीन दिवसांची गोष्ट सांगा." मग अक्का सांगायची. पोरीनं नाही म्हटलेलं. हा पठ्ठ्या तिच्या घराच्या फाटकात जाऊन बसला. अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दार उघडलं, आणि ही स्वतः, हातात पाण्याचा पेला घेऊन...

"पाणी मी नेलं नव्हतं," आई म्हणाली.

अक्का अडखळली. "काय?"

"पेला तुम्ही नंतर घातलात, अक्का. चौथ्या-पाचव्या वर्षी केव्हातरी. असू दे. भिंगरी खाली जाणार नाही."

"आता तू मध्ये पडू नकोस," बाबा म्हणाले. "मी तिच्याशी बोलतोय. निदान तुला तरी कळायला हवं, तो का बसलाय ते."

"कळतंय ना. मला एकटीलाच कळतंय." आईनं ताट ठेवलं. दवाखान्यात दिवसभर ती माणसांना 'श्वास धरा, हलू नका, आता सोडा' सांगत एक्स-रे काढायची. तोच सपाट आवाज आत्ता आला. "तुम्ही बाहेर होता तीन दिवस. आत काय चाललं होतं, कधी विचारलंत?"

"आत काय चालणार? आत तू होतीस."

"हो. मी होते. आणि बाहेर पडायला एकच फाटक होतं, आणि त्या फाटकात तू होतास."

बावीस वर्षांत अक्कासमोर तिनं नवऱ्याला 'तू' म्हटलं नव्हतं. अक्कानं भुवया उंचावल्या, पण आई तिकडे बघतही नव्हती.

"पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? आपल्यासाठी कुणीतरी बसलंय. दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातल्यांनी अंगणात खुर्च्या टाकल्या, बघायला. आणि माझे वडील! टपाल खात्यात बत्तीस वर्षं, एक दिवस उशीर नाही. सगळ्या गल्लीदेखत तुझ्या अंगावरून कसं जायचं म्हणून ते मागच्या भिंतीवर चढून पलीकडे उतरायचे. छप्पन्न वर्षांचा माणूस, डब्याची पिशवी दातात धरून. मी खाली स्टूल धरायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत येताना पडले. मनगट मोडलं."

"ते मोरीत घसरले होते," बाबा म्हणाले.

"ते तुला सांगितलेलं."

बूट घालायला बसलेल्या भिंगरीच्या हातातला बंद तसाच राहिला.

"त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं. रिक्षा फाटकाशी यायला हवी होती. म्हणून मी बाहेर आले आणि हो म्हटलं. दुसरा कुठला शब्द होता ज्यानं तू उठला असतास? नाही म्हणून झालं होतं. तीनदा."

बाबांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे बावीस वर्षं तू माझ्यासोबत नाइलाजानं—"

"बावीस वर्षांचं मी बोलत नाहीये! संसार मी केला. तुझ्यावर जीव जडला, तोही नंतर, माझा मी. त्या तीन दिवसांचं बोलतेय मी."

"मग इतकी वर्षं तोंड शिवलं होतं का?"

"सगळे टाळ्या वाजवत होते," आई म्हणाली.

बाबांनी टेबलावरचं कापड खस्सकन ओढलं. दोन ताटं खाली गेली, एक फुटलं. "आजच सुचलं तुला! आजच्या दिवशी!"

"आज पोरगी घराबाहेर पडू शकत नाहीये, म्हणून आज!" आईचा आवाज पहिल्यांदा फाटला. "आणि तू तिला सांगतोयस, खाली जा, तोंड दाखव!"

आत्याला राग आला होता, आणि तो कुणाचा हे तिला धड कळत नव्हतं. आधी भावजयीचा आला. इतकी सुंदर गोष्ट, एका झटक्यात मोडली. तिचं स्वतःचं लग्न पंधरा मिनिटांत ठरलं होतं. नवरा भला माणूस होता, पण जेवायला काय करू एवढंही तिनंच त्याला विचारलं होतं जन्मभर. त्यानं तिला कधी काही विचारलं नाही. कुणीतरी आपल्यासाठी फाटकात बसावं, हे तिनं भावाच्या गोष्टीत बसून भोगलं होतं. पाण्याचा पेला तिचाच होता. ती असती तर पाणी घेऊन गेली असती.

मग तिला त्या टपालवाल्या माणसाचा मोडका हात आठवला. लग्नात त्यानं डाव्या हातानं तिला नमस्कार केला होता, आणि ती मागे कुणाला तरी म्हणाली होती, काय विचित्र माणूस आहे!

समोर भिंगरी बुटाचा बंद बांधत होती. गाठ तिसऱ्यांदा सुटली. आत्या उठली, गुडघे धरत खाली बसली आणि तिनं बंद आवळून बांधला.

"चल. मी येते तुझ्याबरोबर."

"तू? आत्या, बसनं जायचंय."

"मग काय झालं? बसमध्ये म्हाताऱ्यांना जागा देतात. बघते कोण येतो मागे. चप्पल नवी आहे माझी, पण वेळ आली तर वापरीन."

"थांबा," बाबा म्हणाले. ते दाराशी पोचले होते. त्यांनी कुणाकडेच बघितलं नाही. "आधी मी जातो खाली."

जिना उतरताना त्यांच्या डोक्यात नुसता घण पडत होता. बायकोचा राग, पोरीचा राग, अक्काचा राग; आणि तो सगळा काढायला समोर एक पोरगा होता, घामानं शर्ट अंगाला चिकटलेला.

डॉक्टर चटकन उठून उभा राहिला. ओठ सुकून पांढरे पडले होते. "काका, ती येतेय?"

"नाही. घरी जा."

"मग मी बसतो." तो परत बसलाही. "तुम्हीच सांगितलं होतंत."

"मी काय सांगितलं होतं?"

"कारखान्यात. तीन दिवसांचं." मुलानं मान वर केली. त्याच्या नजरेत उद्धटपणा नव्हता, भरवसा होता, आणि बाबांना तो सहन होईना. "तुम्ही म्हणाला होतात, पोरीचं 'नाही' तीन दिवसांच्या वर टिकत नाही. बसणाऱ्यात दम पाहिजे."

म्हणाले होते. तोंडात खिळे धरून, हसत म्हणाले होते. कुठल्या खुर्चीवर काम चाललं होतं तेही आठवलं त्यांना.

"चुकीचं सांगितलं मी."

"पण काकू आल्या ना बाहेर?"

"माझ्या सासऱ्यांचं हाड मोडलं म्हणून आली! मला आत्ता कळलंय. आत्ता, वर!" समोरच्या केशकर्तनालयातली गिऱ्हाइकं दारात आली. येऊ देत. "ऊठ."

"माझं प्रेम आहे तिच्यावर, काका."

"असेल. घरी जाऊन कर. इथं बसून करतोयस त्याला प्रेम म्हणत नाहीत, पहारा म्हणतात."

"मी तिला बोटसुद्धा लावलेलं नाही!"

"मीही नव्हतं लावलं," बाबा म्हणाले. त्यांना त्या पोराला दंडाला धरून फरफटत न्यावंसं वाटत होतं. त्याऐवजी ते पायरी आणि जिना यांच्यामध्ये जाऊन उभे राहिले, पाय रोवून, आणि वर बघून ओरडले, "अक्का, या खाली!"

भिंगरी पुढे, आत्या मागे. डॉक्टर उसळून उठला. "एकच मिनिट, भिंगरी, एकच शब्द—"

बाबांचा तळवा त्याच्या छातीवर टेकला. ढकललं नाही; नुसता टेकला, आणि ताठ राहिला. "तो शब्द तिनं सांगितलाय."

मुलगा त्या हातामागे रडायला लागला, रागानं, तोंड वाकडं करून. भिंगरी खाली बघत बाहेर पडली आणि कोपऱ्यापर्यंत भराभर चालत गेली. बापाकडेही तिनं बघितलं नाही.

मग बाबांनी त्याला रस्ता ओलांडून त्याच्या बापाच्या दुकानात नेलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, "याला पाणी द्या, जेवायला घाला. आणि माझी पोरगी जाईल तिथं हा पुन्हा दिसता कामा नये. कॉलेजच्या फाटकाशी नाही, फोनवर नाही."

औषधवाला भडकला. "तुम्हीच डोक्यावर चढवलंत त्याला! रोज काका असं म्हणाले, काका तसं म्हणाले!"

"हो," बाबा म्हणाले. "मीच."

ते घरी आले तेव्हा आईनं फुटलेलं ताट झाडून काढलं होतं. जेवण तसंच झाकलेलं होतं. बाबा समोर बसले. साडेचारला अक्काचा फोन आला. तिला फोनवर हळू बोलता येत नसे, म्हणून दोघांनाही ऐकू आलं.

"खेळतेय! त्या उंच पोरींच्या डोक्यावरून मारतेय! निकाल उद्या लावतील. तो पोरगा कुठं दिसला नाही, मी चारी बाजूंनी बघितलं. आणि तुझ्याशी बोलायचं नाहीये म्हणते ती, सांगून ठेवते. मी म्हटलं, नको बोलूस."

"बरं," बाबा म्हणाले.

फोन ठेवून ते बराच वेळ हाताच्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवत राहिले. "तुझे वडील मला कधी काही बोलले नाहीत."

"ते कुणालाच बोलायचे नाहीत."

"मला माहीत असतं तर उठलो असतो मी. खरंच सांगतो. तू काही कळवलं असतंस तर—"

"कळवलं होतं." आई त्यांच्याकडे वळली. आता तिच्या आवाजात चीडही उरली नव्हती, आणि म्हणून तो जास्त कडक वाटला. "दुसऱ्या दिवशी रात्री शेजारच्या मुलीबरोबर चिठ्ठी पाठवली होती. 'उद्या सकाळपुरतं जा, हात जोडते.' तुला मिळाली नाही असंच धरून चालले मी. इतकी वर्षं."

बाबा नाही म्हणू शकले असते. ती मुलगी आता कुठे असेल कुणास ठाऊक. आईनं वाट बघितली, आणि त्यांनाही कळलं की ती त्यांच्या 'नाही'ची वाट बघतेय.

"मिळाली होती," ते म्हणाले.

आई हलली नाही.

"वाचली. शर्टाच्या खिशात ठेवली. मला वाटलं, तू माझी परीक्षा बघतेयस."

"परीक्षा माझी होती," आई म्हणाली. "सकाळी अकराला. एक्स-रेच्या कोर्सची शेवटची. ती मी पुढच्या वर्षी दिली."